मायेला रागावू द्या

(यवतमाळ येथील व्याख्यानमालेत ‘मराठी कवितेतील आईबाप’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय ठरला तेव्हा आयोजक मला म्हणाले, ‘ओलाव्याचा विषय आहे, लोक डोळे पुसत घरी जातील.’ मी तेव्हाच त्यांना सांगून टाकलं की तसं होईलच याची हमी मी देणार नाही. या विषयावर आपण फार रडलो आहोत आणि रडण्याच्या नादात एक गोष्ट ऐकायची राहून गेली आहे. ती गोष्ट सांगायला मी आलो आहे. मागच्या रांगांना कूलरच्या आवाजात ऐकू येत नसेल तर हात वर करा. कूलर मात्र बंद करू नका, मे महिना आहे. (हशा)

माझं म्हणणं असं. आपल्या छापील कवितेतली आई बोलत नाही. बोलतं ते लेकरू. यशवंतांची ‘आई’ तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, माधव जूलियन पाठ आहेत, फ. मुं. शिंदे यांची ‘आई’ तुम्ही गॅदरिंगमध्ये ऐकली आहे. त्यांच्या थोरवीबद्दल मला शंका नाही, म्हणून त्यांत मी वेळ घालवत नाही. फक्त घरी जाऊन या धाटणीच्या कविता पुन्हा वाचा आणि एवढंच बघा, की आईच्या तोंडी वाक्यं किती आहेत. ती राबते, झिजते, वाट बघते, उपाशी राहून वाढते. बहुतेक वेळा ती गेलेली असते, नाहीतर गावी मागे राहिलेली असते. लिहिणारा मोठा झालेला, शहरात नोकरीला लागलेला. त्याच्या मनात अपराधाची टोचणी आहे आणि ती टोचणी तो कवितेत फेडतो आहे. त्याचं दुःख खरं आहे. पण ती कविता त्याच्याविषयीची आहे, आईविषयीची नाही. आपण तिला देवघरात बसवलं आणि देवघरात बसवलेल्या मूर्तीला कोणी मत विचारत नाही.

मग आईचं मत कुठे आहे? जात्यावर आहे. मराठीत आईबापाच्या मायेची सगळ्यात मोठी कविता ओवी आहे आणि ती आईने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, पहाटेच्या अंधारात म्हटलेली आहे. हा माझा जुना हट्ट आहे. आज तुम्ही माझ्या तावडीत सापडला आहात, तर तासभर तो ऐकावा लागेल. (हशा)

साने गुरुजींचं उदाहरण घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा सिनेमा केला आणि त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. हे लहान पोरालाही माहीत आहे. पण याच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ नावाचा मोठा संग्रह केला, हे किती जणांना माहीत आहे? सभागृहात हात वर करा. ... बघा, दोन-तीन हात. ज्या माणसाने मुलाच्या तोंडून आई अमर केली, त्यालाच कळलं होतं की आईचं म्हणणं ऐकायचं तर जात्यापाशी जाऊन बसलं पाहिजे. आपण त्याचं एक पुस्तक डोक्यावर घेतलं आणि दुसरं कपाटात ठेवलं. पुढे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचं प्रचंड काम केलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख! छापील मराठीत आईवरच्या सगळ्या कविता एकत्र केल्या तरी त्या ढिगाच्या पायथ्याला पोचणार नाहीत.

आणि या ओव्यांमधली आई कशी आहे? ती गोडच आहे असं नाही. ती मुलाला राघू म्हणते, मुलीला मैना म्हणते, पण मुलगा झाल्याचा जास्त आनंद लपवत नाही. मुलगी झाली म्हणून कोण काय बोललं ते तिच्या लक्षात राहतं. जावयावर तिचा विश्वास नसतो. लेकीला ज्या घरी दिलं त्या घराचा उंबरठा, विहीर, दळणाची पाटी यांचा ती हिशेब ठेवते. नवऱ्यावर, सासूवर, भावजयीवर ती रागावते. कधी देवावर रागावते. सकाळी जातं फिरवताना तिला ऐकायला कोणी नसतं, म्हणून ती खरं बोलते. ही आई मला त्या मूर्तीपेक्षा कितीतरी जवळची वाटते, कारण हिला लेकराची काळजी आहे आणि काळजीच्या पोटी हिला राग येतो. ज्या मायेला राग येत नाही ती माया अजून अडचणीत सापडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बहिणाबाईंचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १८८० सालचा जन्म, आसोद्याच्या शेतकऱ्याची लेक, तरुणपणीच वैधव्य आलेलं, पदरी लेकरं. लिहिता येत नव्हतं. काम करता करता रचायची आणि गुणगुणायची. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने ते उतरवून घेतलं. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. मुलाने ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. इथे मला मुलाचा मोठेपणा वेगळा वाटतो. सोपानदेवांना आपल्या आईवर सुंदर कविता लिहिता आली असती. त्यांनी आधी आईची कविता टिपून ठेवली. आपल्या घरात असे सोपानदेव किती निघाले? सोपानदेवांच्या आईने लेकीच्या माहेराचा आणि स्वतःच्या सासराचा जो हिशेब मांडला आहे, तो मुलाला सुचला नसता. तो आईलाच सुचतो, कारण तो तिने भोगलेला असतो.

आता रावेरीकडे येतो. खरं तर रावेरीला मी पाच मिनिटं द्यायची ठरवली होती. ... (श्रोत्यांतून ‘सांगा, सांगा’) तुमच्या जिल्ह्यातलं आहे, तुम्हीच मला सांगायला हवं. राळेगाव तालुक्यातलं रावेरी. तिथे सीतेचं देऊळ आहे. रामाशिवायचं, लक्ष्मणाशिवायचं, एकट्या सीतेचं. भारतभर राममंदिरं आहेत, त्यांत सीता डाव्या बाजूला उभी असते. एकटी सीता गाभाऱ्यात असलेलं देऊळ शोधायला फार फिरावं लागतं आणि ते तुमच्या इथून बसने जाण्याच्या अंतरावर आहे.

गावातली कथा अशी. रामाने टाकलेली गरोदर सीता या रानात आली. इथे लव-कुश जन्मले. बाळंतीण सीता गावात गेली आणि तिने गहू मागितला. गावाने दिला नाही. तेव्हा सीतेने गावाला शाप दिला, की तुमच्या रानात गहू पिकणार नाही. लोक सांगतात, त्यानंतर पिढ्यान् पिढ्या रावेरीत गहू झाला नाही. पुढे संकरित बियाणं आलं तेव्हा तो पिकू लागला.

मी तिथे गेलो होतो तेव्हा देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिला मी विचारलं, सीतामाईने शाप दिला हे बरं केलं का? मास्तरी प्रश्न होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘बाळंतीन होती ना जी ते. पोट्ट्यांसाठी मागत होती. तिनं काय मुकाट्यानं जाव काय?’ (टाळ्या) टाळ्या तिला पोचवायला हव्यात. तिने मला जे एका वाक्यात सांगितलं ते सांगायला मी तुमची संध्याकाळ घेतो आहे.

ही कथा नीट बघा. या भागात पूर्वी रोजचं जेवण ज्वारीच्या भाकरीचं. कोरडवाहू रानात गहू म्हणजे सणावाराची, पाहुण्यारावळ्यांची गोष्ट. सीता रोजचं अन्न मागत नाही, बाळंतिणीचं अन्न मागते. अंगावर दूध यावं म्हणून मागते. हा माझा अर्थ आहे, तो कोणावर लादत नाही. पण एक कांचनमृग सोडला तर वनवासात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं आपण ऐकलेलं नाही. रावणाच्या बागेत ती उपाशी बसली. नवऱ्याने टाकलं तेव्हाही तिने अयोध्येला शाप दिला नाही. आणि लेकरांसाठी पसाभर धान्य नाकारलं तेव्हा मात्र तिने अख्ख्या गावाला शाप दिला! वाल्मीकीच्या सीतेत हे नाही, तुळसीदासाच्या सीतेत नाही. ही सीता ज्यांनी रचली त्यांनी लेकरांना उपाशी झोपवलेलं असणार.

आपल्या बायकांच्या ओव्यांत सीतेचा वनवास किती आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. रामाच्या राज्याभिषेकात त्यांना रस नाही. त्यांना रस आहे वनातल्या बाळंतपणात. तिच्याजवळ कोण होतं, नाळ कोणी कापली, अंथरायला काय होतं, पाळणा कुठे बांधला. बोरीबाभळीची झाडं तिची समजूत काढायला येतात. दळणारी बाई सीतेला देवी म्हणून गात नाही. आपली लेक सासरहून टाकलेली परत आली, तर तिचं कसं होईल, या धास्तीने गाते. म्हणजे इथे सीता आई आहे आणि गाणारीची लेकही आहे. हे छापील कवितेला अजून साधलेलं नाही, असं मी जबाबदारीने म्हणतो.

आणि या देवळाचा जीर्णोद्धार कोणी केला? साधुसंतांनी नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. बायकोच्या नावावर शेतजमीन करा, असं सांगणारं ‘लक्ष्मीमुक्ती’चं आंदोलन ज्यांनी उभं केलं, त्यांना रावेरीच्या सीतेचा राग कळला. आईला हार घालायचे आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचं नाही, हा आपला शिरस्ता. त्यांनी तो मोडायला सांगितलं. मला वाटतं, रावेरीच्या त्या कथेचं इतकं योग्य वाचन आमच्या एकाही समीक्षकाने केलेलं नाही.

इथे एक गोष्ट सुचते. ती टिपणात नाही, पण सांगतो. १९७३ साली याच यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. सभागृहातल्या ज्येष्ठांपैकी काहींनी ते पाहिलं असेल. ... हो, तिसऱ्या रांगेतले काका मान हलवताहेत. गदिमांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ लिहिलं, छप्पन्न गीतं, आठवड्याला एक. त्याची सुरुवात कुठून होते? कुश आणि लव रामासमोर गायला उभे राहतात तिथून. दोन पोरं बापाला बापाचीच गोष्ट सांगताहेत आणि आपण कोणासमोर गातो आहोत ते त्यांना माहीत नाही. ज्या आईला त्याने टाकलं, तिने वाढवलेली ही पोरं. मला नेहमी वाटतं की मराठीतला मुलगा-बाप नात्याचा सर्वांत अवघड प्रसंग हाच आहे आणि गदिमांनी तो दारातच उभा केला. पुढच्या गाण्यांच्या गोडीत आपण तो विसरतो. पण तिथेही बोलतात ती मुलं आणि ऐकतो तो बाप. आई आश्रमात आहे. तिचं गाणं रावेरीच्या बायकांनी...

(मध्येच एका श्रोत्याने विचारले, ‘अन् बापाचं काय? बापाला माया नसते काय?’ हशा, टाळ्या.)

असते. बसा, बसा, तुमचा मुद्दा रास्त आहे. मीही बाप आहे. (हशा) बापाने जातं ओढलं नाही म्हणून त्याची ओवी झाली नाही, हे मला मान्य आहे. तरी एक नाव सांगतो. कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे. १८७५चा जन्म, १८९९ला गेले, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यांची एक अंगाई आपल्याकडे घराघरात गायली गेली. ती एका गरीब घरातली अंगाई आहे. लेकराला झोपवता झोपवता त्यात दारिद्र्याची सगळी कैफियत येते. आईच्या तोंडचे शब्द, पण लिहिलेले एका तरुण बापाने. दत्त गेले तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता. तो मुलगा म्हणजे पुढे ‘दिवस असे होते’ लिहिणारे वि. द. घाटे. बापाची आठवणही नीट नसलेल्या मुलाने बापाच्या कविता जपल्या. आणि नारायण सुर्वे आहेत. त्यांना जन्म देणारे कोण ते कोणालाच कळलं नाही. रस्त्यावर सापडलेल्या पोराला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेलं, आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. १९६२ साली त्या पोराचं ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं. गंगाराम सुर्व्यांनी एकही ओळ लिहिली नाही. पण ‘सुर्वे’ हे नाव त्यांनी दिलेलं आहे आणि ते मराठी कवितेच्या कपाळावर आहे.

आता जे बोलणार आहे ते काहींना आवडणार नाही. विदर्भातल्या कविसंमेलनात आज बापावरची कविता म्हणजे गेलेल्या शेतकरी बापाची कविता. (कुजबुज) मला कल्पना आहे. तुम्ही म्हणाल, बाहेरून आलेला प्रत्येक माणूस यवतमाळला येऊन आत्महत्येवरच बोलतो. इथे कापूस आहे, सागवान आहे, बापूजी अणे इथले, वसंतराव नाईक इथले, बोरी अरबच्या शंकर बडे यांनी वऱ्हाडी कविता गावोगाव नेली. सगळं कबूल. मी जिल्ह्याला दुःखाचं लेबल लावायला आलेलो नाही. पण महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण तुम्हाला मला टाळता येणार नाही. १९ मार्च १९८६ रोजी साहेबराव करपे या शेतकऱ्याने बायको आणि मुलांसह जीवन संपवलं. आता दरवर्षी त्या दिवशी किसानपुत्र अन्नत्याग करतात. बापाच्या मायेवर बोलताना हा प्रसंग बाजूला ठेवून जे काही बोलू ते अर्धवट राहील. तिथे कवितेने गप्प बसावं, असं माझं मत आहे. किमान त्यावर टाळ्या घेऊ नयेत.

माझी तक्रार वेगळी आहे. बाप जिवंत असताना त्याचा राग ऐकायला आपण तयार नसतो. भाव पडल्यावर तो बाजारसमितीच्या आवारात ओरडतो तेव्हा तो आपल्याला अडाणी वाटतो. घरी येऊन पोरावर खेकसतो तेव्हा तो पोराला नकोसा होतो. गेल्यावर मात्र आपण त्याच्या फाटक्या बंडीवर कविता लिहितो. पुन्हा तीच मुकी मूर्ती, यावेळी बापाची. तरुण कवींना माझं कळकळीचं सांगणं आहे. बाप आज खेकसतो ते लिहा. तो काय म्हणतो ते त्याच्या शब्दांत लिहा. त्याला कर्जाबद्दल, बियाण्याबद्दल, तुमच्या फीबद्दल, तुमच्या मोबाइलबद्दल जे म्हणायचं आहे त्यात कविता आहे आणि ती तुमच्या पश्चात्तापापेक्षा चांगली आहे.

कारण असं बोललेलं माणूस ऐकायला कसं वाटतं ते तुम्ही याच गावात अनुभवलं आहे. जानेवारी २०१९चं संमेलन. अध्यक्ष अरुणा ढेरे. रा. चिं. ढेरे यांची लेक, म्हणजे तिथेही बाप आणि मुलगी होतीच, पण तो विषय स्वतंत्र आहे. उद्घाटक कोण असावं यावरून वाद झाला, मी त्यात जात नाही. शेवटी उद्घाटनाला उभी राहिली कळंब तालुक्यातल्या राजूरची वैशाली येडे. शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर लेकरं वाढवणारी बाई. तिच्यावर कविता करणारे पुष्कळ कवी त्या मांडवात होते. त्या दिवशी त्यांना खाली बसून तिचं ऐकावं लागलं. साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून एक आई स्वतःच्या तोंडाने बोलली आणि ती हळुवार बोलली नाही, हक्काने बोलली. मला ती रावेरीच्या सीतेच्या घरची वाटते. (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे. ‘पाच मिनिटे.’ सभागृह साडेआठला सोडायचं आहे असं दिसतं. मग टिपणातलं बरंच गाळतो. संतांनी विठ्ठलाला माउली केलं तो भाग गाळतो, त्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. पद्मा गोळे यांनी रणांगणावर निघालेल्या मुलाला निरोप देणारी आई लिहिली, ती स्वतः बोलणारी आई आहे, ती कविता मिळवून वाचा. नागपूरच्या ज्योती लांजेवार यांची ‘आई’ मात्र गाळणार नाही. ती लेकीने लिहिलेली कविता आहे, म्हणजे माझ्या म्हणण्याला अपवाद. पण तिच्यातली आई डांबरी रस्त्यावर राबते आणि नामांतराच्या मोर्चात पदर खोचून पुढे चालते, पोलिसांचा मार खाते, घोषणा देते. लेकराने लिहिलं तरी आईला मुकं ठेवायची गरज नाही, हे या कवितेने दाखवून दिलं. तिच्यासाठी माझा हट्ट मी थोडा सैल करतो.

आणि एक. तुमच्या पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजारा तांडे आहेत. लग्नात नवरी जो ‘ढावलो’ म्हणते, तो कोणी ऐकला आहे? ... बरेच हात. छान. माहेर सुटताना आईबापाला, भावाला गळ्यात पडून म्हणायचं ते गाणं घरातल्या मोठ्या बायका मुलीला आधीपासून शिकवत. म्हणजे आईच लेकीला शिकवते, की मला सोडून जाताना कसं रडायचं, आणि त्या रडण्यात कोणती तक्रार मांडायची. यावर एक संपूर्ण व्याख्यान व्हायला हवं. ते मी देऊ नये, गोरबोली बोलणाऱ्या कोणीतरी द्यावं. आयोजकांनी पुढच्या वर्षी हे मनावर घ्यावं, जाहीर विनंती करतो.

आता शेवटचं काम. दारापाशी टेबलावर मी एक दोनशेपानी वही ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. ज्यांच्या आईला, आजीला, आत्याला जात्यावरची किंवा भुलाबाईची गाणी येत होती, त्यांनी आठवेल ती ओवी त्यात लिहावी. नाव नको, फोन नको, गावाचं नाव मात्र लिहा. शुद्धलेखन बघू नका. वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच लिहा, गोरबोलीत, गोंडीत, कोलामीत असेल तर तसंच. शिवी असेल तर शिवी गाळू नका. आजी अजून घरी असेल तर आज रात्री तिच्या खाटेपाशी बसा आणि उद्या सकाळी दहाच्या आत वही भरायला या, मी दुपारच्या गाडीने निघणार आहे. पहिल्या पानावर मी माझ्या आजीची ओवी लिहून ठेवली आहे. तिच्यात ती माझ्या आजोबांवर चिडलेली आहे, कारण त्यांनी माझ्या आत्याला तिच्या मनाविरुद्ध लांबच्या गावी दिलं होतं. दुसरं पान कोरं आहे.